तंजावरचे वडिवेलू

तंजावरच्या भोसले राजवटीत, विशेषतः दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात (१७९८–१८३२), कलावंतांना उदार राजाश्रय लाभला. या दरबाराशी निगडित असलेल्या नृत्यगुरूंच्या घराण्यात वडिवेलू यांचा जन्म १८१० मध्ये झाला. चिन्नैया, पोन्नैया, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चौघे बंधू मुथुस्वामी दीक्षितरांचे शिष्य होते.

पाश्चात्त्यांकडून आलेले व्हायोलिन तेव्हा दक्षिणेतील संगीताला नवखे होते. या वाद्याला पडदे नसतात. बोट केसभर सरकले, तरी स्वर ढळतो. त्यामुळे सरळी, अलंकार हे प्राथमिक पाठ संथ लयीत पुनःपुन्हा घोटावे लागतात. गायनात निष्णात असलेल्या कलावंतालाही त्यापुढे पुन्हा विद्यार्थीच व्हावे लागते. वडिवेलूंनी ही साधना केली. पडदे नसल्यामुळेच कंठातील गमक तारेवर उतरू शकते, हे त्यांच्या वादनातून रसिकांना उमगले.

पुढे हे बंधू त्रावणकोरचे महाराज स्वाती तिरुनाळ यांच्या दरबारी गेले. १८३४ मध्ये महाराजांनी वडिवेलूंना हस्तिदंती व्हायोलिन देऊन गौरवले.

आज कर्नाटक संगीताच्या मैफलीत गायकाच्या साथीला व्हायोलिन असतेच. परके वाद्य असे आपलेसे होण्यामागे बाळुस्वामी दीक्षितर आणि वडिवेलू यांचे परिश्रम आहेत.