रोमला शिकलेले दिवाडकर

शिक्षणासाठी परदेशी जाणे ही अलीकडच्या काळातली गोष्ट आहे, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज असतो. परंतु चारशे वर्षांपूर्वी, म्हणजे १६२५ साली, गोव्यातील दिवाडी बेटावरचे एक गृहस्थ खुष्कीच्या मार्गाने रोम शहरी शिकायला जाऊन पोचले होते. त्यांचे नाव मातेउस द कास्त्रो. पुढे ते बिशप झाले. लॅटिन पंथाचे पहिले भारतीय बिशप म्हणून इतिहासात त्यांची नोंद आहे. त्यांच्या आयुष्यातली महत्त्वाची वर्षे आमच्या डिचोलीत गेली. मी डिचोली तालुक्यातला, आणि आता घाटावर वसतिगृहात राहून वाणिज्य शाखेत शिकणारा. तेव्हा या जुन्या विद्यार्थ्याबद्दल चार शब्द लिहावेत असे वाटले.

मातेउस यांचा जन्म १५९४ च्या सुमारास एका ख्रिस्ती ब्राह्मण कुटुंबात झाला. मांडवी नदीच्या एका काठाला पोर्तुगिजांची राजधानी, म्हणजे आजचे जुने गोवे, आणि समोर दिवाडी. बारदेशात रेईश मागूश येथे फ्रान्सिस्कन पाद्र्यांचे विद्यालय होते, तेथे ते शिकले. पाद्री व्हावे ही त्यांची इच्छा होती. पण गोव्याच्या आर्चबिशपांनी त्यांना दीक्षा देण्याचे नाकारले. अभ्यास कमी पडला म्हणून नव्हे. येथल्या मातीतल्या माणसाला ते स्थान द्यायचे नाही, असे त्या वेळचे धोरणच होते. धर्म बदलला, भाषा शिकली, परीक्षा दिली, तरी दार बंद ते बंदच!

यामागचा व्यवहार समजून घेतला पाहिजे. पोपने पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील चर्चच्या कारभाराचे हक्क दिले होते. त्या व्यवस्थेला पाद्रुआद म्हणत. कोणाला नेमायचे, कोणाला नाही, हे राजाची माणसे ठरवीत. आमच्या अभ्यासाच्या भाषेत सांगायचे तर हा एक मक्ता होता. मक्तेदार बाहेरच्याला दुकान उघडू देत नाही, आणि घरच्या नोकराला गल्ल्यावर बसवीत नाही. रोमलाही हा मक्ता जाचू लागला होता. म्हणून १६२२ साली तेथे प्रोपगांदा फिदे ही धर्मप्रसाराची मध्यवर्ती संस्था निघाली. फ्रान्चेस्को इंगोली हे तिचे पहिले सचिव. देशोदेशी तेथलेच पाद्री तयार व्हावेत, असे त्यांचे मत होते. नेमक्या अशा वेळी मातेउस रोमला पोचले. गोव्यात जी अपात्रता, तीच रोममध्ये पात्रता ठरली.

तेव्हा त्यांचे वय एकतिसाच्या आसपास होते. आमच्या वसतिगृहात पंचविशी ओलांडलेल्या विद्यार्थ्याला सगळे काका म्हणतात. मातेउस तर काकांचेही काका! प्रोपगांदाच्या आश्रयाने रोममध्ये राहून त्यांनी तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र यांचा अभ्यास केला. त्याच काळात, १६२७ साली, पोप अर्बन आठवे यांनी परदेशी विद्यार्थ्यांना ठेवून घेऊन शिकविणारे एक महाविद्यालय स्थापन केले. त्यांच्या नावावरून त्याला उर्बानो कॉलेज म्हणतात. शिकविण्याची भाषा लॅटिन. घरची भाषा कोणाचीही असो, वर्गात लॅटिन. सेमिनरीतले जीवन घंटेवर चालते. घंटेला उठायचे, घंटेला प्रार्थना, घंटेला जेवण. जेवताना बोलायचे नाही, एकाने मोठ्याने वाचायचे आणि इतरांनी ऐकत जेवायचे. सगळ्यांचा झगा सारखाच. भात आणि हुमण यांवर वाढलेल्या माणसाला तेथला पाव आणि तेथली थंडी किती दिवसांत मानवली असेल, याचा विचार घर सोडलेल्या कोणाच्याही मनात आल्यावाचून राहणार नाही. चोर्ला घाट चढून आलेल्या मला इथल्या सारूची सवय व्हायला एक सत्र लागले, आणि मी शनिवारी घरी जाऊ शकत होतो. रोमहून दिवाडीला पत्र पोचायलाही कित्येक महिने लागत असणार.

१६३० च्या सुमारास त्यांना रोममध्ये पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. पदवी मिळाली, मोठ्यांची मर्जी मिळाली, आणि ते गोव्याला परत आले. खरी परीक्षा येथे सुरू झाली. गोव्यातल्या अधिकाऱ्यांनी त्यांच्या कागदपत्रांवरच शंका घेतली. वरच्या दरबाराचा शिक्का असूनही स्थानिक कचेरी तो मानायला तयार नव्हती. रोमच्या पेढीवरची हुंडी गोव्यात वटली नाही. हुंडी खोटी नव्हती, ती वटविणाऱ्याची नियत नव्हती.

मातेउस पुन्हा रोमला गेले. १६३७ साली त्यांना बिशप करण्यात आले. क्रिसोपोलिस हे त्यांच्या पदाचे नाव, आणि कार्यक्षेत्र म्हणून मिळाला आदिलशहाचा मुलूख, म्हणजे विजापूरचे राज्य. यातली युक्ती अशी, की पोर्तुगिजांचा हुकूम जेथे चालत नाही तेथे पोपचा प्रतिनिधी बसवायचा. त्या काळी डिचोली आणि पेडणे विजापूरच्या राज्यात मोडत. पोर्तुगिजांकडे हे प्रांत अठराव्या शतकाच्या अखेरीस आले. माझा रूम-पार्टनर विजापूरचा आहे. आमच्या डिचोलीवर एके काळी त्याच्या गावाचे राज्य होते, हे त्याला कळल्यापासून तो माझ्याकडून सारा मागतो.

अशा रीतीने मातेउस डिचोलीस येऊन राहिले. ज्यांनी दिवाडी आणि नार्वे पाहिले आहे त्यांना या जागेचे मर्म कळेल. दिवाडीवरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ सोळाव्या शतकात पाडले गेले, तेव्हा भाविकांनी देव नदीपलीकडे डिचोली महालातल्या नार्व्याला नेला. पुढे १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. दिवाडीत ज्याला जागा उरली नाही त्याने नदी ओलांडून डिचोलीत यावे, ही वाट आधीच पडलेली होती. त्याच वाटेवर हा दिवाडकर बिशपही येऊन बसला. आज तेथे फेरीबोटीने काही मिनिटांत जाता येते.

डिचोलीत त्यांनी चर्च बांधले आणि गोव्याच्या तरुणांना पाद्रीपदाची दीक्षा दिली. माझ्या मते हेच त्यांचे सर्वांत मोठे काम. ज्यासाठी आपल्याला इराणची वाट तुडवीत रोम गाठावे लागले, ते येथल्या मुलाला नदी ओलांडून मिळावे, असा त्याचा अर्थ होतो. परदेशात शिकून आलेले पुष्कळ असतात, पण आपल्यामागून येणाऱ्याची वाट कमी करणारे थोडे. अर्थात गोव्याच्या अधिकाऱ्यांनी या दीक्षाही मान्य केल्या नाहीत.

त्यांचा स्वभाव नमते घेणारा नव्हता. मध्यंतरी त्यांना इथिओपियाचे काम देण्यात आले, पण त्या देशात प्रवेश मिळाला नाही. पुन्हा डिचोलीस आल्यावर १६५३ साली त्यांनी गोव्याच्या ख्रिस्ती ब्राह्मणांना उद्देशून एक जळजळीत पत्र लिहिले. ब्राह्मणांचा आरसा अशा अर्थाच्या नावाने ते ओळखले जाते. पुढल्याच वर्षी आदिलशाही फौज गोव्यावर चालून आली, आणि पोर्तुगिजांनी तिला चिथावणी दिल्याचा ठपका मातेउस यांच्यावर ठेवला. १६५८ साली ते कायमचे रोमला गेले. ज्या शहरात विद्यार्थी म्हणून आले, तेथेच १६७७ च्या सुमारास त्यांचा अंत झाला.

काही जण त्यांना स्वातंत्र्याचे आद्य पुरस्कर्ते म्हणतात. मला मात्र पुरे कौतुक करवत नाही. त्यांच्या पत्राच्या नावातच जात आहे. गोऱ्या पाद्र्याने आपल्याला हलके लेखू नये, हे त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे. पण आपण ब्राह्मण आहोत म्हणून लेखू नये, असे म्हटले की दिवाडीच्या पागी-गावड्याच्या मुलाने कोणाकडे पाहायचे? दार उघडायला निघालेल्याने ते सर्वांसाठी उघडावे. एवढी अपेक्षा आज आपण करू शकतो, ती त्या काळाच्या मानाने कदाचित मोठी असेल.

तरीही त्यांनी विचारलेला प्रश्न संपला नाही. कांदोळीत जन्मलेले आबे फारिया १७७२ साली रोमच्या त्याच प्रोपगांदा कॉलेजात दाखल झाले. १७८७ साली गोव्यात पिंटोंचे बंड झाले, त्यात पुढाकार घेणाऱ्या पाद्र्यांची तक्रार हीच होती, की लायकी असून पद मिळत नाही. आणि गोव्याच्या आर्चबिशपपदावर गोव्याचाच माणूस, राऊल गोन्साल्विस, बसायला १९७८ साल उजाडावे लागले. मातेउस बिशप झाल्यापासून मोजले तर ३४१ वर्षे होतात!

मित्रहो, आपल्यापैकी कोणी पुण्याला जाईल, कोणी बेंगळुरूला, कोणी आणखी दूर. वसतिगृहाचे जेवण सर्वांनाच अंगवळणी पडते, परकी भाषाही जमते. अवघड असते ते परत आल्यावर. पण आज ना उद्या आपणही कुठल्या तरी टेबलामागे बसू, आणि समोर एखादा होतकरू मुलगा किंवा मुलगी आपली कागदपत्रे घेऊन उभी राहील. तेव्हा ती कोणत्या गावची, कोणत्या भाषेची, कोणाची कोण, हे न पाहता हुंडी खरी असेल तर ती वटवावी. मातेउस यांच्या आयुष्यातून मला एवढे घेण्यासारखे वाटले.