७८८ पैकी २२१ तलाव फुटले होते : हैदराबाद बुडाल्यावर विश्वेश्वरय्यांनी नेमकं काय शोधून काढलं?

दरवर्षी १५ सप्टेंबरला इंजिनिअर्स डे असतो. त्या दिवशी कॉलेजांमध्ये सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घातला जातो. म्हैसुरी फेटा, कृष्णराज सागर धरण, भारतरत्न आणि शंभरी पार केलेलं आयुष्य, एवढी ओळख सगळ्यांना असते.

पण त्यांच्या आयुष्याचा एक धागा या भाषणांमध्ये राहून जातो. पूर येऊन गेल्यावर मदत वाटणं हे प्रशासनाचं काम आहेच, पण पूर येण्याआधी काय करायचं असतं? विश्वेश्वरय्या आयुष्यभर या प्रश्नाभोवती काम करत राहिले. त्याची सुरुवात झाली आपल्या पुण्यात, आणि शेवटही एका अर्थानं पुण्यातच झाला.

नीट समजून घेऊ.

पुण्यात शिकलेला इंजिनिअर

विश्वेश्वरय्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ चा. गाव मुद्देनहळ्ळी, तेव्हाच्या म्हैसूर संस्थानातलं. वडील लवकर गेले. बंगळुरूला शिकवण्या घेत त्यांनी बीए पूर्ण केलं आणि संस्थानची स्कॉलरशिप मिळवून इंजिनिअरिंगसाठी पुण्याचं कॉलेज ऑफ सायन्स गाठलं. आज आपण त्याला सीओईपी म्हणून ओळखतो. १८८३ मध्ये अख्ख्या मुंबई प्रांतात पहिले येऊन ते बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजू झाले.

पहिलं पोस्टिंग नाशिकला. मग खानदेश, पुणे. न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी ओळख झाली ती याच काळात.

नोकरीच्या दहाव्या वर्षाच्या आसपास त्यांना सिंधमधल्या सक्करला पाठवण्यात आलं. हे शहर सिंधू नदीच्या काठावर वसलेलं, पण नदीचं पाणी इतकं गढूळ की पिण्यालायक नाही. पाणी गाळण्याचा प्रकल्प उभारायचा तर नगरपालिकेच्या तिजोरीत पैसे नाहीत. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणायला लावली. वाळूतून झिरपून येणारं पाणी आपोआप गाळलं जात होतं. महागडी यंत्रणा न उभारताही शहराला स्वच्छ पाणी मिळालं.

गरीब नगरपालिकेला झेपेल असा उपाय शोधायचा, ही त्यांची पद्धत इथून दिसायला लागते.

खडकवासल्याची दारं

पुण्याला पाणी पुरवणारं खडकवासला धरण १८७९ मध्ये पूर्ण झालं होतं. पण शहराची आणि कालव्यांची गरज वाढत होती. सरळ उपाय म्हणजे धरणाची उंची वाढवणं. पण त्याला खर्च मोठा आणि जुन्या भिंतीवर भार वाढण्याचा धोका.

विश्वेश्वरय्यांनी वेगळी गोष्ट हेरली. पावसाळ्यात पूर आला की सांडव्यावरून सहा ते आठ फूट उंचीचं पाणी वाहून जायचं. म्हणजे तेवढ्या उंचीचं पाणी भिंत तशीही सहन करत होती. मग हे पाणी अडवलं तर?

त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दारं बसवली. पाणी ठराविक पातळीपर्यंत दारं बंद राहायची. त्याच्या वर पाणी चढायला लागलं की ती आपोआप उघडायची आणि पातळी खाली आली की पुन्हा मिटायची. रात्री-अपरात्री पूर आला आणि धरणावर माणूस पोहोचला नाही तरी दारं आपलं काम करणार होती. १९०३ च्या सुमारास ही दारं बसली. त्यांनी पेटंट घेतलं, पण रॉयल्टी घ्यायला नकार दिला.

यातला मुद्दा लक्षात ठेवा. संकट आलं तेव्हा जागेवर कोणी नसेल तर काय होईल, हा विचार आधीच केलेला होता.

एका रात्रीत हैदराबाद बुडालं

१९०८ मध्ये विश्वेश्वरय्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. कामात ते कुणापेक्षा कमी नव्हते, पण तेव्हाच्या व्यवस्थेत त्यांना चीफ इंजिनिअरच्या खुर्चीपर्यंत जाण्याची वाट दिसत नव्हती. नोकरी सोडून ते परदेश दौऱ्यावर निघाले.

त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटी हैदराबादवर आभाळ फाटलं. २८ सप्टेंबरला मुसी नदी शहरात घुसली. पूल तुटले, हजारो घरं पडली. जवळपास १५ हजार माणसं गेल्याचं सांगितलं जातं. अफझलगंजच्या हॉस्पिटलच्या आवारात एक चिंचेचं झाड होतं. त्यावर चढून सुमारे दीडशे लोक वाचले. हे झाड हैदराबादकर आजही दाखवतात.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारनं विश्वेश्वरय्यांना निरोप पाठवला. दौरा संपवून एप्रिल १९०९ मध्ये ते हैदराबादला पोहोचले. त्यांच्यापुढे दोन कामं होती, शहराची पुन्हा उभारणी आणि असा पूर परत येऊ नये याची योजना.

मोजणीतून काय निघालं?

एवढा पाऊस पडल्यावर कोण काय करणार, असं म्हणून हा विषय संपवता आला असता. पाऊस खरंच भयंकर होता. पण विश्वेश्वरय्यांनी पावसाच्या आकड्यांसोबत शहराच्या वरचं सगळं पाणलोट क्षेत्र तपासायला घेतलं.

मुसी आणि तिची उपनदी ईसा यांच्या खोऱ्यात शेकडो लहान-मोठे तलाव होते. पिढ्यानपिढ्या शेतीसाठी मातीचे बांध घालून केलेले. विश्वेश्वरय्यांच्या नोंदीनुसार एकूण ७८८ तलाव, म्हणजे साधारण दर चौरस मैलाला एक. त्यातले २२१ तलाव या पुरात फुटले होते. १८२ ईसाच्या बाजूचे आणि ३९ मुसीच्या बाजूचे.

आता हे कसं होतं ते बघा. वरचा एक तलाव फुटला की त्याचं सगळं पाणी एकदम खालच्या तलावात येतं. आधीच काठोकाठ भरलेला तो तलावही फुटतो. मग दोघांचं पाणी तिसऱ्यावर जातं. पाऊस तासातासानं पडतो, पण फुटलेल्या तलावांचं पाणी एकदम येतं. शहरात पोहोचेपर्यंत पात्रात मावेल त्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी झालेलं असतं.

म्हणजे हैदराबादमध्ये घुसलं ते नुसतं पावसाचं पाणी नव्हतं. एकेकटा तलाव फुटला तर एखाद्या गावाचं नुकसान होतं, म्हणून प्रत्येक बांध हा त्या-त्या गावाचा विषय मानला जातो. पण हे सगळे बांध मिळून खालच्या राजधानीचं भवितव्य ठरवत होते. बांध शाबूत आहे का, सांडवा मोकळा आहे का, हे गावोगाव जाऊन बघण्याचं काम शहराच्या सुरक्षेचंच होतं.

उपाय होता रिकामी जागा ठेवण्याचा

१९०९ मध्येच त्यांनी अहवाल दिला. शहराच्या वरच्या बाजूला मुसीवर एक आणि ईसावर एक असे दोन मोठे जलाशय बांधा. पुराचं पाणी तिथं थोपवा आणि नदीला झेपेल एवढंच खाली सोडा. शहरात नदीचे काठ उंच करा, भिंती बांधा, काठानं रस्ते आणि बागा करा. जमिनीखालून गटारं टाका.

अशा जलाशयाचा एक नियम असतो. पूर थोपवायचा तर जलाशयात जागा रिकामी हवी. पावसाळ्यात तो आधीच काठोकाठ भरला तर पूर आल्यावर त्याचा उपयोग शून्य. पण शहराला पिण्यासाठी पाणी हवं असतं, त्यामुळे भरलेलं धरण सगळ्यांना आवडतं. भरलेलं किती ठेवायचं आणि रिकामं किती, हे दरवर्षी, दर आठवड्याला कुणीतरी डोकं ठिकाणावर ठेवून ठरवावं लागतं. धरण बांधून इंजिनिअर निघून जातो. हे काम मात्र प्रशासनाच्या गळ्यात कायमचं असतं.

योजना कागदावर आली, पण प्रत्यक्षात यायला वेळ लागला. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात १९१२ मध्ये शहर सुधारणा मंडळ स्थापन झालं. मुसीवरचं उस्मान सागर १९२० मध्ये पूर्ण झालं, तर ईसावरचं हिमायत सागर १९२७ मध्ये. म्हणजे पुरानंतर तब्बल १९ वर्षांनी योजना पुरी झाली. एवढ्या काळात पुराची आठवण पुसट होते आणि पैसे दुसरीकडे वळतात. हैदराबादनं मात्र काम सोडलं नाही.

म्हैसूर, दिवाणपद आणि राजीनामा

१९०९ च्या शेवटी विश्वेश्वरय्या म्हैसूरचे चीफ इंजिनिअर झाले आणि १९१२ मध्ये दिवाण. कृष्णराज सागर, म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ, भद्रावतीचा लोखंड कारखाना ही कामं त्या काळातली.

याच काळाची दुसरी बाजूही सांगायला हवी. ब्राह्मणेतर समाजाला सरकारी नोकऱ्यांत वाटा मिळावा अशी मागणी म्हैसूरमध्ये जोर धरत होती आणि महाराजा त्याला अनुकूल होते. विश्वेश्वरय्यांना असं आरक्षण मान्य नव्हतं. त्यांच्या मते निवड गुणवत्तेवरच व्हायला हवी होती. पण ज्यांना शाळेची पायरीच चढू दिली नव्हती, त्यांच्या गुणवत्तेचं काय, या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. १९१८ मध्ये ते दिवाणपदावरून बाजूला झाले.

पुराचा विषय मात्र सुटला नाही. १९३७ मध्ये ओडिशात महानदीला मोठा पूर आला. तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेल्या विश्वेश्वरय्यांनी तिथल्या पुराचा अभ्यास केला आणि महानदीच्या खोऱ्यात जलाशय बांधण्याची कल्पना मांडली. हिराकुड धरणाचं मूळ तिथं सापडतं. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं.

आणि मग पानशेत

१२ जुलै १९६१. पुण्याच्या वर अंबी नदीवर पानशेतचं मातीचं धरण बांधून पुरतं झालं नव्हतं, तरी त्यात पावसाळ्याचं पाणी साठलेलं होतं. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून बांध सावरण्याचा प्रयत्न केला, पण सकाळी धरण फुटलं. ते सगळं पाणी खाली खडकवासल्यावर आदळलं आणि काही तासांत खडकवासल्याची भिंतही गेली. मुठा पेठांमध्ये शिरली. शहराला वेळेत स्पष्ट इशारा मिळाला नव्हता. वर नळाचं पाणी खडकवासल्याचंच, त्यामुळे बुडालेलं शहर प्यायच्या पाण्यालाही महाग झालं.

वरचा बांध फुटला, त्याच्या पाण्यानं खालचा फुटला आणि मग शहर बुडालं. विश्वेश्वरय्यांनी ५२ वर्षांपूर्वी हैदराबादच्या अहवालासाठी मोजलेली साखळी हीच होती. फरक एवढाच की यावेळी शेकडो तलाव नव्हते, दोनच धरणं होती. आणि त्यातलं एक तेच, ज्याच्यावर त्यांनी तरुणपणी दारं बसवली होती.

विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते, शंभरीला दोन महिने कमी. त्यानंतर नऊ महिन्यांनी, एप्रिल १९६२ मध्ये बंगळुरूला त्यांचं निधन झालं.

आज याचा आपल्याशी काय संबंध?

हैदराबादच्या दोन्ही जलाशयांभोवतीच्या १० किलोमीटर पट्ट्यात मोठ्या बांधकामांना आणि प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांना मनाई करणारा आदेश १९९६ मध्ये निघाला होता. त्याला जीओ १११ म्हणतात. ८४ गावं त्याखाली होती. २०२२ मध्ये तेलंगणा सरकारनं हे निर्बंध उठवण्याचा निर्णय घेतला. त्याआधी दोनच वर्षं, ऑक्टोबर २०२० च्या पावसात, हैदराबादमधल्या तलावांचे बांध फुटून वस्त्या पाण्याखाली गेल्या होत्या.

पुण्यात २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडवरच्या एकता नगरीत पाणी शिरलं. इशारा वेळेत मिळाला की नाही, यावरून पुन्हा वाद झाला.

आपल्याकडे आता २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे. जिल्ह्यात कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण असतं. महापालिका आणि नगरपालिकांवरही कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्याची आणि साधनं तयार ठेवण्याची जबाबदारी आहे. २०२१ पासून धरण सुरक्षा कायदाही आला. कायद्याच्या बाजूनं बघितलं तर १९०८ च्या हैदराबादपेक्षा किंवा १९६१ च्या पुण्यापेक्षा आपण बरेच पुढे आहोत.

पण बांधाला भेग पडली आहे का, नाल्यावर कोणी भिंत घातली आहे का, धरण किती भरू द्यायचं आणि पाणी सोडण्याआधी खालच्या वस्तीला कोणी सांगितलं का, हे कायदा जागेवर जाऊन बघत नाही. ते कुणालातरी जाऊन बघावं लागतं, पाऊस नसतानाही.

आपल्या शहराच्या वर किती तलाव आणि किती बंधारे आहेत आणि ते शेवटचे कधी तपासले, हा प्रश्न नगरसेवकाला आणि कलेक्टर ऑफिसला कोणीही विचारू शकतं. विश्वेश्वरय्यांनी तो शहर बुडाल्यावर विचारला, कारण त्यांना बोलावलंच तेव्हा होतं. आपल्याकडे तो मे महिन्यात विचारायची सोय आहे.