नारायण मेघाजी लोखंडे : रविवारच्या सुट्टीचे जनक

दर रविवारी सकाळपासून आमच्या वसतिगृहाच्या फाटकाशी पालक येऊन थांबतात. कोणाच्या हाती भाकरीचे गाठोडे, कोणाच्या हाती नवी वही. हा दिवस आपल्याला कोणी मिळवून दिला, असे आम्ही वर्गात विचारतो, तेव्हा मुले बहुधा इंग्रज सरकारचे नाव घेतात.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यास झाला. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. रेल्वे व टपाल खात्यांत नोकरी करून ते मुंबईत मांडवीच्या कापडगिरणीत स्टोअरकीपर झाले. तेथे त्यांनी गिरणीचे आयुष्य जवळून पाहिले. सूर्य उगवताच यंत्रे सुरू होत, ती मावळतीला थांबत. १८८१ च्या कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले; प्रौढांच्या तासांना मर्यादाच नव्हती. पगार महिना उलटून कितीतरी दिवसांनी हाती पडे.

आणि अशा माणसांवर आरोप कोणता, तर आळशीपणाचा! मजूर यंत्र सोडून विडी ओढायला जातो, मनात येईल तेव्हा गावी पळतो, त्याला मुळात काम नकोच असते, असे मालकवर्गाचे म्हणणे. काम नको असणे आणि थकलेल्या देहाला विसावा हवा असणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे महात्मा जोतीराव फुले यांच्या या सत्यशोधक सहकाऱ्याने ओळखले. १८८० पासून त्यांनी ‘दीनबंधु’ पत्र मुंबईतून चालविले. १८८४ च्या सप्टेंबरात कामगारांच्या सभा भरवून सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पंधरा तारखेच्या आत पगार, जखमी कामगारास भरपाई, या त्यातील मागण्या. काम टाळण्याची मागणी त्यात एकही नाही, हे आमच्या मते ध्यानी घेण्याजोगे आहे.

त्यानंतर सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजारांवर कामगार लोटले. दोन कामगार स्त्रियाही व्यासपीठावरून बोलल्या. स्त्रीने सभेत तोंड उघडणे अजून नवलाचे होते, तेव्हाची ही गोष्ट. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

पुढे १९३६ साली बाबासाहेबांनी ‘जातिसंहारा’च्या ग्रंथात हाच प्रश्न मुळापासून मांडला. जन्माने गळ्यात बांधलेल्या आणि समाजाने हीन ठरविलेल्या कामात माणसाचे मन रमत नाही. तो ते टाळू पाहतो. आमच्या आजोबांच्या पिढीने वतनाची येसकरकी केली. त्यांनाही गाव कामचुकारच म्हणे.

१८९७ च्या प्लेगात लोखंडे मुंबईतच राहून लोकांच्या मदतीला धावले आणि त्याच रोगाने ९ फेब्रुवारीस गेले. पुढच्याच महिन्यात पुण्यात, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना, सावित्रीमाई गेल्या.