कावेरीचे पाणी आणि सर विश्वेश्वरय्या

15 सप्टेंबर हा सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिन देशभर अभियंता दिन म्हणून साजरा केला जातो. धरणांचे शिल्पकार म्हणून ते सर्वपरिचित आहेत. मात्र शेतीसाठी पिढ्यानपिढ्या वापरात असलेल्या नदीच्या पाण्यावर उद्योगाचा हक्क कितपत पोहोचतो, या प्रश्नाला त्यांना एका शतकापूर्वीच सामोरे जावे लागले होते, ही बाब तुलनेने कमी परिचित आहे.

तत्कालीन म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या गावी 1860 साली त्यांचा जन्म झाला. बालपणीच पितृछत्र हरपल्याने शिकवण्या करून त्यांनी बंगळूर येथे पदवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण केले. त्यानंतर संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात दाखल झाले आणि 1883 मध्ये अभियांत्रिकीच्या परीक्षेत प्रथम आले. पुढील वर्षी ते मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. खानदेश, नाशिक, सिंध आणि पुणे ही त्यांची कर्मभूमी ठरली.

पाणी कोणाला आणि किती द्यावे, या प्रश्नाचा त्यांचा अभ्यास दख्खनमध्येच सुरू झाला. नीरा कालव्यावर त्यांनी पुढे आणलेल्या गटपद्धतीत ठरावीक क्षेत्राला पाण्याची हमी देऊन तेथे उसासह अन्य पिके फेरपालटाने घ्यावीत, अशी योजना होती. पाणी मोजक्या बागायतदारांच्या शेतात न जिरता अनेक गावांत पोहोचावे, हा त्यामागील हेतू होता. शेतकरी प्रारंभी साशंक होते. मात्र कालांतराने ही पद्धत स्वीकारली गेली. खडकवासला येथे 1903 मध्ये त्यांनी बसविलेल्या स्वयंचलित दरवाजांमुळे धरणाची भिंत न वाढविता जलसाठा वाढविणे शक्य झाले.

मुंबई सरकारच्या सेवेतून निवृत्त झाल्यानंतर 1909 च्या अखेरीस त्यांनी म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंतापद स्वीकारले. त्या वेळी कावेरीवरील शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्रातून सुमारे 147 किलोमीटर दूर असलेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज पुरविली जात होती. हे केंद्र 1902 मध्ये सुरू झाले होते. तथापि उन्हाळ्यात नदीचा प्रवाह आटत असल्याने पुरवठ्यात खंड पडत असे, आणि खाणींची मागणी मात्र वाढत होती. यावर पावसाळ्यातील पुराचे पाणी कण्णंबाडी येथे साठवून ते वर्षभर सोडण्याची योजना विश्वेश्वरय्या यांनी मांडली. तेच पाणी यंत्रे फिरवील आणि उंच धरण बांधल्यास मंड्या परिसरातील कोरडवाहू जमीनही भिजवील, असे त्यांचे गणित होते.

या योजनेला मद्रास सरकारने हरकत घेतली. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, विशेषतः तंजावर भागात, प्राचीन काळापासून भातशेतीला या नदीचे पाणी मिळत आले आहे. चोळ राजा करिकाल याच्या नावाशी जोडलेला कल्लणै बंधारा त्याची साक्ष देतो. 1892 च्या करारानुसार वहिवाटीने मिळालेल्या या हक्काला बाध येईल असे नवे सिंचन प्रकल्प म्हैसूरला मद्रासच्या संमतीविना हाती घेता येत नव्हते. शिवाय मद्रासला मेट्टूर येथे स्वतःचे मोठे धरण बांधायचे होते.

म्हैसूरने सुमारे 41.5 अब्ज घनफूट साठ्याची मागणी केली असता भारत सरकारने केवळ 11 अब्ज घनफूट साठ्याला परवानगी दिली. नोव्हेंबर 1911 मध्ये काम सुरू झाले. मात्र म्हैसूरने पाया पूर्ण उंचीच्या धरणाला पुरेल इतका रुंद घेतला. मद्रासच्या दृष्टीने ही कराराची पायमल्ली होती, तर म्हैसूरच्या दृष्टीने दूरदृष्टी. प्रकरण लवादाकडे गेले. 1914 मध्ये न्यायमूर्ती ग्रिफिन यांचा निवाडा बऱ्याच अंशी म्हैसूरच्या बाजूने लागला, परंतु मद्रासने तो मान्य केला नाही.

दरम्यान 1912 मध्ये महाराजा कृष्णराज वडियार यांनी विश्वेश्वरय्या यांची दिवाणपदी नियुक्ती केली होती. सिमेंटऐवजी चुना आणि विटांच्या भुकटीपासून केलेल्या सुर्कीचा वापर करून धरणाची दगडी भिंत उभी राहत गेली. कण्णंबाडीसह अनेक गावे जलाशयाखाली गेली. 1918 मध्ये त्यांनी दिवाणपद सोडले तेव्हा पाण्याचा वाद मिटलेला नव्हता आणि धरणही अपुरे होते.

अखेर 18 फेब्रुवारी 1924 रोजी दोन्ही सरकारांत करार झाला. म्हैसूरला सुमारे 45 अब्ज घनफूट क्षमतेच्या कृष्णराजसागरास, तर मद्रासला 93.5 अब्ज घनफूट क्षमतेच्या मेट्टूर धरणास मान्यता मिळाली. मात्र धरणातून मद्रासकडे सोडावयाच्या प्रवाहाचे प्रमाण आणि म्हैसूरच्या नव्या सिंचनक्षेत्राची मर्यादा यांवर बंधने आली. पुढे मंड्याच्या जमिनीला पाणी देणाऱ्या कालव्याला विश्वेश्वरय्या यांचे नाव देण्यात आले. ऊस पिकू लागला आणि साखर कारखानाही उभा राहिला.

1955 मध्ये भारतरत्न किताबाने सन्मानित झालेल्या विश्वेश्वरय्या यांचे एप्रिल 1962 मध्ये, वयाच्या 102 व्या वर्षी निधन झाले. उद्योगांशिवाय देशाचे दारिद्र्य हटणार नाही, ही त्यांची धारणा अखेरपर्यंत कायम होती. नदीचे पाणी वाया न घालविता त्याच्याकडून दोन कामे करून घेता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. मात्र पावसाने दगा दिलेल्या वर्षी प्रथम कोणाचे शेत भिजावे, या प्रश्नाचे उत्तर अभियांत्रिकीला एकट्याने देता आले नाही.

ज्या खाणींच्या विजेसाठी हा जलाशय प्रथम योजण्यात आला, त्या 2001 मध्ये बंद पडल्या. कावेरीचा वाद मात्र लवाद आणि न्यायालयांतून पुढे चालत राहिला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मधील निकालात कर्नाटकाचा वाटा 14.75 अब्ज घनफुटांनी वाढविला, त्यातील 4.75 अब्ज घनफूट पाणी बंगळूर शहराच्या पिण्याच्या व घरगुती गरजेसाठी आहे. ज्या नदीकडे कोलारच्या खाणींनी विजेसाठी पाहिले, तिच्याकडे आता एक महानगर तहान भागविण्यासाठी पाहत आहे, आणि त्रिभुज प्रदेशातील शेतकरी आजही मेट्टूरच्या पाणीपातळीवर नजर ठेवून पेरणीची तयारी करतो.