फाउस्टो कोप्पी : घाटांचा राजा आणि एक डास

सायकल ही आपल्याकडे गरिबाची गाडी समजली जाते. दूधवाला, पेपरवाला, पोस्टमन आणि बारावीपर्यंतचे पोट्टे, एवढेच तिचे मालक! इंजिनिअरिंगला नंबर लागला रे लागला की घरी पहिली मागणी बाईकची. सायकल मग गोठ्यात नाहीतर गच्चीवर गंजत पडते. सायकलच्या शर्यतीबद्दल विचाराल तर लान्स आर्मस्ट्राँगचं एक नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदं २०१२ साली उत्तेजकांच्या प्रकरणात काढून घेतली गेली. म्हणून मला आज त्याच्याही खूप आधीच्या एका माणसाबद्दल लिहायचंय. त्याचं नाव फाउस्टो कोप्पी.

मी मेकॅनिकलचा विद्यार्थी. राजूर घाट मी सायकलने चढलो आहे. खरं सांगायचं तर अर्धा चढलो आणि अर्धा ढकलत नेला. त्यामुळे घाटात पायांचं आणि छातीचं काय होतं हे मला चांगलं माहीत आहे. कोप्पीबद्दल वाचायला घेतलं ते या घाटांच्या ओढीने. पण वाचत गेलो तसं लक्षात आलं की या माणसाची गोष्ट जिथे संपते, ती जागा आपल्या गावाच्या फार जवळची आहे.

कोप्पीचा जन्म १५ सप्टेंबर १९१९ चा. इटलीच्या पिएमोंते भागात टेकडीवर कास्तेल्लानिया नावाचं एक छोटंसं खेडं आहे, तिथला. घर शेतकऱ्याचं, भावंडं पाच. पोरगा काडीपैलवान, पाय लांब, छाती पुढे आलेली, तब्येत नाजूक. शेतीत त्याचा जीव रमेना. तेरा-चौदाव्या वर्षी तो जवळच्या नोवी लिगुरे गावात एका खाटकाच्या दुकानात कामाला लागला. काम काय, तर सायकलवरून घरोघरी मटण पोचवायचं! चढउताराच्या रस्त्यांवर रोजची ही फेरी म्हणजेच त्याचं पहिलं ट्रेनिंग. पुढे त्याच्या एका काकाने सायकलसाठी पैसे दिले आणि पोरगा शर्यतीत उतरला.

त्याच नोवी लिगुरेमध्ये त्याला त्याचे गुरू भेटले, बियाजिओ कावान्ना. हे खेळाडूंना मालिश करायचे आणि डोळ्यांनी आंधळे होते. डोळे नसले तरी त्यांची बोटं सगळं बघायची. मांडीचा स्नायू चाचपून हा खेळाडू किती पाण्यात आहे ते ते ओळखायचे. आपण ज्याला लॅबमध्ये टेस्टिंग म्हणतो ते हा माणूस हातांनी करत होता. कोप्पीच्या काटकुळ्या शरीरात काय दडलंय हे पहिल्यांदा ओळखलं ते या आंधळ्या गुरूने.

१९४० साली जिरो द'इटालिया, म्हणजे इटलीची सर्वांत मोठी शर्यत, त्यात कोप्पीला लेन्यानो संघात जागा मिळाली. पण ती नोकराची! सायकल शर्यतीत प्रत्येक संघाचा एक नायक असतो आणि बाकीचे त्याच्यासाठी वारा अडवतात, पाणी आणतात, वेळ पडली तर आपलं चाक काढून देतात. नायक होता जिनो बार्ताली, त्या काळचा देशाचा लाडका. दुसऱ्याच दिवशी एक कुत्रा आडवा आला, बार्ताली पडला आणि जखमी झाला. पुढे भर पावसात अपेनाइन डोंगराच्या घाटात हा वीस वर्षांचा नोकर सगळ्यांना मागे टाकून निघून गेला, आणि शेवटी शर्यतच जिंकला. शर्यत संपली ९ जूनला. १० जूनला इटली दुसऱ्या महायुद्धात उतरली. म्हणजे विजयाचा आनंद धड एक दिवससुद्धा टिकला नाही.

नोव्हेंबर १९४२ मध्ये मिलानवर बॉम्ब पडत असताना तिथल्या विगोरेल्ली ट्रॅकवर कोप्पीने एका तासात ४५ किलोमीटरहून जास्त अंतर कापून विश्वविक्रम केला. इथे थोडं गणित करू. हवेचा विरोध वेगाच्या वर्गात वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनात. वेग दीडपट केला की हवेशी झगडायला सव्वातीन पटीहून जास्त शक्ती लागते. त्या सायकलला ना गिअर, ना फ्रीव्हील, ना आजचे कार्बन फायबर. हा विक्रम चौदा वर्षं टिकला. तो मोडला १९५६ साली, फ्रान्सच्या जाक आंकेतीलने.

विक्रमानंतर काही महिन्यांतच कोप्पीला आफ्रिकेच्या आघाडीवर पाठवलं. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात तो इंग्रजांच्या हाती सापडला आणि युद्धकैदी झाला. खेळाडूची ऐन उमेदीची वर्षं अशी तंबूत आणि तारेच्या कुंपणात गेली. १९४५ मध्ये तो परत आला. बहुतेकांना वाटलं, आता हा संपला.

१९ मार्च १९४६. मिलान–सान रेमो शर्यत, अंतर सुमारे २९० किलोमीटर. कोप्पी सुरुवातीलाच पळाला आणि पुढे एकटाच राहिला. शेवटी दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू आला तो चौदा मिनिटांनी! रस्ते फुटलेले, पूल पडलेले, लोक अर्धपोटी. अशा देशाला त्या दिवशी आपला माणूस सापडला.

आता तुम्ही विचाराल, एकट्याने पळण्यात एवढं काय? ज्याने ट्रॅक्टरच्या मागे सायकल लावली आहे त्याला हे सांगायला नको. दुसऱ्याच्या मागे चिकटून चालवलं की वारा पुढचा झेलतो आणि आपली जवळजवळ एक तृतीयांश मेहनत वाचते. एकटा पळणारा ही सवलत स्वतःहून सोडतो. शहाणा माणूस असं करणार नाही. कोप्पी मात्र हेच करायचा, आणि पुढे गेला की पुन्हा सापडायचा नाही.

त्याचा सगळ्यात गाजलेला दिवस म्हणजे १० जून १९४९, जिरोचा कुनेओ ते पिनेरोलो हा टप्पा. अंतर २५४ किलोमीटर, म्हणजे साधारण अकोला ते नागपूर. पण मध्ये आल्प्सचे पाच घाट. त्यातला इझोआर २३६० मीटर उंच. आपलं कळसूबाई १६४६ मीटर आहे, यावरून अंदाज करा. रस्ते कच्चे, खडी आणि चिखल. कोप्पी पहिल्याच घाटात निघाला आणि १९२ किलोमीटर एकटा चालवत राहिला. दुसरा आला बार्ताली, जवळजवळ बारा मिनिटांनी. त्याच वर्षी कोप्पीने टूर द फ्रान्सही जिंकली. एकाच वर्षात दोन्ही शर्यती जिंकणारा तो पहिला. १९५२ मध्ये त्याने तेच पुन्हा करून दाखवलं.

तो नुसता दमदार नव्हता, अभ्यासू होता. शर्यतीआधी मांसाचं भरपेट जेवण ही तेव्हाची पद्धत. त्याने हलका आणि पिष्टमय आहार धरला. यंत्राबद्दल तर विचारूच नका. १९५० मध्ये त्याने पॅरिस–रुबे ही दगडी रस्त्यांची शर्यत जिंकली, तेव्हा त्याच्या सायकलला तुल्लिओ कांपान्योलोचा दांडीवाला गिअर होता. गिअर बदलायचा तर हात मागे न्यायचा, दांडी फिरवून मागचं चाक सैल करायचं, पेडल उलटं मारून साखळी दुसऱ्या दात्यावर न्यायची आणि चाक पुन्हा घट्ट करायचं. तेही धावत्या सायकलवर! आज अंगठ्याने गिअर बदलणाऱ्या आपल्याला ते खोटंच वाटेल.

एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. त्या काळात सायकलपटू उत्तेजक गोळ्या घ्यायचे. तेव्हा त्यावर बंदी नव्हती. कोप्पीनेही त्या घेतल्याचं मान्य केलं होतं. आजच्या फूटपट्टीने त्याचा हिशेब करायचा की नाही हे ज्याने त्याने ठरवावं.

कोप्पी आणि बार्ताली यांच्या भांडणात सगळी इटली वाटली गेली होती. बार्ताली देवभोळा आणि जुन्या वळणाचा, तर कोप्पी नव्या युगाचा. तरी १८ जुलै १९४९ ला, बार्तालीच्या पस्तिसाव्या वाढदिवशी, दोघं मिळून पुढे निघाले आणि कोप्पीने त्याला टप्पा जिंकू दिला. १९५२ च्या टूरमध्ये घाट चढताना दोघांच्या हातात एकच पाण्याची बाटली असल्याचा एक फोटो आहे. कोणी कोणाला दिली यावर इटलीत आजही वाद घालतात. मला वाटतं, वाद घालणाऱ्यांना घालू द्यावा. तहान दोघांनाही लागली होती एवढं खरं.

त्याच टूरमधला आंद्रेआ कार्रेआचा किस्सा मला फार आवडतो. हा कोप्पीचा मदतनीस, नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीतून जिवंत आलेला. लोझानच्या टप्प्यात तो सहज पुढच्या घोळक्यात गेला आणि नकळत पिवळी जर्सी त्याच्या अंगावर आली. बिचारा आनंदाऐवजी रडायलाच लागला, नायकाचा मान आपण घेतला म्हणून! कोप्पी रागावला नाही, उलट त्याचं अभिनंदन केलं. दुसऱ्या दिवशी टूरचा टप्पा पहिल्यांदाच आल्प द्युएझच्या माथ्यावर संपणार होता. तो कोप्पीने जिंकला आणि जर्सी त्याच्याकडे आली. शेवटी त्याची आघाडी २८ मिनिटांहून जास्त झाली.

पण घरात मात्र सुख नव्हतं. धाकटा भाऊ सेर्से हाही सायकलपटू, फाउस्टोचा जीव की प्राण. २९ जून १९५१ ला तुरिनमध्ये शर्यतीच्या शेवटी त्याचं चाक ट्रामच्या रुळात अडकलं आणि तो पडला. उठला, हॉटेलवर गेला, सगळ्यांना वाटलं ठीक आहे. काही तासांत मेंदूतल्या रक्तस्रावाने तो गेला. पुढे कोप्पी जुलिया ओक्किनी या विवाहित स्त्रीच्या प्रेमात पडला. तोही विवाहित, एका मुलीचा बाप. इटलीत तेव्हा घटस्फोटाचा कायदा नव्हता, तो १९७० मध्ये आला. जुलियाला तुरुंगात जावं लागलं, दोघांवर खटला चालला. कालपर्यंत फुलं उधळणारे लोक तोंड फिरवू लागले. त्यांच्या मुलाचा जन्म १९५५ मध्ये अर्जेंटिनात झाला.

आणि आता शेवट. डिसेंबर १९५९. कोप्पी चाळीस वर्षांचा. अप्पर व्होल्टा, म्हणजे आजचा बुर्किना फासो, तिथे एका प्रदर्शनीय शर्यतीसाठी आणि शिकारीसाठी तो काही खेळाडूंसोबत गेला. खोलीत त्याच्याबरोबर होता फ्रेंच मित्र राफाएल जेमिनिआनी. खोलीत डास होते. दोघं आपापल्या घरी परतले आणि थोड्याच दिवसांत दोघांनाही सडकून ताप भरला.

फ्रान्समध्ये जेमिनिआनीचं रक्त तपासलं गेलं. त्यात फाल्सिपेरम हिवतापाचे जंतू सापडले. क्विनाइन सुरू झालं आणि बेशुद्धीत गेलेला माणूस परत आला. इटलीत कोप्पीच्या डॉक्टरांनी छातीचा संसर्ग समजून उपचार केले. जेमिनिआनीच्या घरून हिवतापाचा निरोप इटलीला पोचवला होता असं सांगतात, पण त्याकडे लक्ष दिलं गेलं नाही. २ जानेवारी १९६० च्या सकाळी तोर्तोनाच्या दवाखान्यात कोप्पी गेला. जेमिनिआनी जगला, किती? तर २०२४ मध्ये वारला तेव्हा तो ९९ वर्षांचा होता! खोली तीच, डास तेच, ताप तोच. फरक एका काचपट्टीवरच्या रक्ताच्या थेंबाचा.

मित्रांनो, हे वाचून मला आमचं गाव आठवलं. पावसाळा सरता सरता घरोघर एक तरी खाट तापाच्या माणसाची असते. आरोग्य कर्मचारी दारात येऊन बोट टोचून रक्त मागतात, तर लोक पोरांना आत लपवतात. ताप आला की एक इंजेक्शन, फार तर एक सलाईन, आणि दुसऱ्या दिवशी कपाशीत. आमच्या शेजारच्या एका काकांचं असंच झालं. चार दिवस ताप उतरवायच्या गोळ्या, पाचव्या दिवशी बडबडायला लागले, तेव्हा कुठे रक्त तपासलं. मेंदूचा हिवताप निघाला. नशिबाने वाचले. हिवताप डासामुळे होतो हे रोनाल्ड रॉसने १८९७ मध्ये शोधलं, तेही युरोपात नव्हे, आपल्या शेजारच्या सिकंदराबादेत. आणि तपासणीला लागतो एक थेंब आणि थोडा वेळ.

आपण इंजिनिअर होणार आहोत. मशीन बंद पडलं की अंदाजाने नट खोलू नका, आधी मोजा, हे आपल्याला पहिल्या वर्षापासून शिकवतात. स्वतःच्या शरीराला मात्र आपण हा नियम लावत नाही. हॉस्टेलमध्ये कोणाला थंडी वाजून ताप आला की परीक्षेचं टेन्शन आहे म्हणून चेष्टा करतो.

कोप्पीच्या नावाने आज त्याचं गाव ओळखलं जातं, २०१९ पासून त्याचं नावच कास्तेल्लानिया कोप्पी झालंय. जिरोमधल्या सर्वांत उंच घाटाला दरवर्षी चिमा कोप्पी म्हणतात. टेकडीवर तो आणि सेर्से शेजारी शेजारी विसावलेत. पाच वेळा जिरो, दोन वेळा टूर, रस्त्यावरच्या शर्यतीत एकदा जगज्जेता. आल्प्सचे घाट ज्याला अडवू शकले नाहीत, त्याला एका डासाने अडवलं.

तेव्हा दोन गोष्टी करा. गच्चीवरची ती सायकल खाली काढा, साखळीला तेल द्या आणि एखाद्या रविवारी राजूर घाटात या. मी असेनच, बहुतेक ढकलत! आणि यंदा कोणाला ताप आला, मग तो रूममेट असो की गावाकडचे आजोबा, तर त्याला आधी रक्त तपासायला घेऊन जा. गोळी नंतर.