कामकऱ्यांचे वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी

हरएक धर्मग्रामाच्या महोत्सवी पुस्तकात ख्रिस्तमंदिराची कोनशिला कोणी बसविली, छप्पर कोणत्या साली चढले, घंटा कोणी अर्पण केली, ह्यांची नोंद आदरपूर्वक केलेली असते. परंतु दगड घडविता घडविता पाथरवटाच्या छातीत किती धूळ गेली, चुना भाजणाऱ्याचे डोळे किती झोंबले, ओझी वाहून हमालाची पाठ केव्हा वाकली, ह्यांची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. अशी नोंद ज्यांनी मोठ्या आस्थेने ठेविली, अशा एका कॅथलिक गृहस्थाचे चरित्र ह्या प्रसंगी वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले. ते धर्मगुरू नव्हते, मठवासी नव्हते; बायकामुलांचे संसारी वैद्य होते. कामधंद्यापासून मनुष्याच्या शरीरास होणाऱ्या अपायांचे जे शास्त्र आज जगभर शिकविले जाते, त्याचे जनक म्हणून त्यांस मान दिला जातो. त्यांचे नाव बर्नार्दिनो रामाझिनी.

उत्तर इटलीत मोदेना शहराच्या जवळ कार्पी नावाचे गाव आहे. तेथे इ. स. 1633 मध्ये त्यांचा जन्म झाला. आरंभीचे शिक्षण गावातील येशूसंघीय धर्मगुरूंपाशी झाले. नंतर पार्मा येथील विद्यापीठात प्रथम तत्त्वज्ञान व मग वैद्यक शिकून 1659 साली त्यांनी पदवी मिळविली. काही काळ रोम येथे एका अनुभवी वैद्याच्या हाताखाली काढल्यावर ते पोपमहाशयांच्या राज्यातील कानीनो व मार्ता ह्या गावी वैद्य म्हणून राहिले. तो प्रदेश हिवतापाचा होता. तरुण वैद्यांस स्वतःलाच तापाने ग्रासले, आणि प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना जन्मगावी परतावे लागले. रुग्ण होऊन अंथरुणावर पडणे म्हणजे काय, हा धडा त्यांना असा लवकरच मिळाला. पुढे फ्रान्चेस्का रीघी ह्या स्त्रीशी त्यांचा विवाह झाला. 1671 साली ते मोदेना शहरी येऊन राहिले व 1682 साली तेथील विद्यापीठात वैद्यकाचे अध्यापक झाले. घरी पत्नी व मुली, बाहेर रुग्ण व विद्यार्थी, असा त्यांचा भरलेला संसार चालला होता.

ह्या संसारातच, त्यांच्या स्वतःच्या घराच्या दारी, ती गोष्ट घडली जिच्यामुळे त्यांचे नाव अमर झाले. मोदेना शहरात घरे दाटीची व अनेक मजल्यांची असत, म्हणून दर तीन वर्षांनी घरोघरची मैल्याची कुंडे उपसून काढण्याची तेथे रीत होती. रामाझिनी ह्यांच्या घरचे कुंड उपसले जात असता, आत उतरलेला एक मजूर जिवाच्या आकांताने घाई करीत आहे असे त्यांनी पाहिले. त्यांस त्याची दया आली. इतका दमून जाऊ नकोस, सावकाश काम कर, असे त्यांनी त्यास सांगितले आणि घाईचे कारण विचारले. मजुराने मान वर करून उत्तर दिले, ते असे की, ह्या जागी चार तासांहून अधिक राहणे म्हणजे काय हे जो राहिला नाही त्यास कळावयाचे नाही. ते डोळे गमावण्यासारखेच आहे. तो वर आल्यावर रामाझिनींनी त्याचे डोळे नीट तपासले. ते लाल झालेले होते व त्यांस अंधारी आली होती. ह्यावर तुम्ही काय उपाय करिता असे विचारता, त्याने सांगितले की घरी जाऊन अंधाऱ्या खोलीत दुसऱ्या दिवसापर्यंत पडून राहावे व कोमट पाण्याने डोळे धुवावे, एवढाच उपाय आम्हांस ठाऊक आहे. पुष्कळ प्रश्नांनंतर असे समजले की, ज्यांनी हे काम चालूच ठेविले ते थोड्याच काळात आंधळे होत. शहरात भीक मागत फिरणारे काही अंध लोक ह्याच धंद्यातून आलेले आहेत, हे मग रामाझिनींच्या ध्यानात आले.

वाचकहो, ह्यात विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, कुंड वैद्यमहाशयांच्या घरचे होते. त्यांचे घर स्वच्छ राहावे म्हणून दुसऱ्या कोणाचे तरी डोळे जात होते. पुष्कळांनी अशा वेळी मजुरी चुकती करून दार लावून घेतले असते. ह्या गृहस्थांनी मात्र त्या दिवसापासून शहरातील एकेका धंद्याची चौकशी आरंभिली. कोंदट कारखान्यांत, कुंभारांच्या भट्ट्यांपाशी, कातडी कमावण्याच्या दुर्गंधीत ते स्वतः जाऊन उभे राहू लागले. वैद्याच्या अंगरख्यास ते शोभणार नाही, असे त्यांना वाटले नाही.

ह्या चौकशीचे फळ म्हणजे 1700 साली मोदेना येथे छापला गेलेला, कामकऱ्यांच्या रोगांविषयीचा त्यांचा लॅटिन ग्रंथ. त्यात सुमारे 40 धंद्यांचा विचार होता. 1713 साली पादुआ येथे निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी आणखी 12 प्रकरणे जोडली. सोन्याचा मुलामा देणाऱ्यांस पाऱ्याच्या वाफेने कंप कसा सुटतो, शिशाची झिलई लावणाऱ्या कुंभारांचे हात आधी कसे थरथरतात व मग लुळे कसे पडतात, पाथरवटांच्या फुफ्फुसांत दगडाची धूळ कशी साचते, रात्रभर जागून पीठ मळणाऱ्या पाववाल्यांस खोकला कसा जडतो, हे त्यांनी एकेक करून सांगितले आहे. व्हेनिस येथील तांबटांच्या आळीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत चाललेल्या ठोक्यांनी माणसे बहिरी होतात, हे त्यांनी नोंदविले. शेतकरी, कोळी, मिठागरात राबणारे लोक, कपडे धुणाऱ्या बाया, सुइणी, दूध पाजणाऱ्या दाया, ह्यांस त्यांनी वगळले नाही. शेतकऱ्यांनी खताचे उकिरडे राहत्या घराजवळ लावू नयेत, असे ते बजावतात. मठांत राहणाऱ्या धर्मभगिनींच्या आरोग्याचीही त्यांनी काळजी वाहिली, आणि त्यांच्यांत स्तनाचा कर्करोग इतर स्त्रियांहून अधिक आढळतो हे निरीक्षण नोंदवून ठेविले. दिवसभर टाक चालविणाऱ्या कारकुनांविषयी लिहिताना त्यांनी एका नोटरीची हकीकत दिली आहे. लिहून लिहून त्याचा उजवा हात निकामी झाला, तेव्हा तो डाव्या हाताने लिहावयास शिकला. पुढे डाव्या हातासही तोच विकार जडला.

रोगाचे वर्णन करून ते थांबत नाहीत. मैल्याच्या कुंडात उतरणाऱ्याने पारदर्शक पातळ कातडीचे आवरण तोंडावर घ्यावे, किंवा थोड्या थोड्या वेळाने वर यावे. धुळीत काम करणाऱ्याने धुळीकडे पाठ करून बसावे. बारीक नक्षी करणाऱ्याने मधून मधून मान वर करून दूर पाहावे. बसून काम करणाऱ्याने सुटीच्या दिवशी अंग हालवावे. अशा साध्या व गरिबांस परवडणाऱ्या सूचना त्यांनी प्रत्येक धंद्यासाठी दिल्या आहेत. आज कामाच्या जागेवरील सुरक्षेचे अधिकारी ज्या गोष्टींचा आग्रह धरितात, त्यांपैकी पुष्कळांचे बीज ह्या ग्रंथात सापडते.

ह्याच ग्रंथात त्यांनी एका खटल्याची हकीकत सांगितली आहे. ती धर्मग्रामातील लोकांस विशेष मनोरंजक वाटेल. मोदेनाच्या राज्यात फिनाले नावाचे एक गाव होते. तेथे एका व्यापाऱ्याचा रसकापूर तयार करण्याचा कारखाना होता. भट्टीत हिराकस भाजताना निघणाऱ्या धुराने आसपासची वस्ती आजारी पडते, म्हणून कारखाना गावाबाहेर न्यावा, अशी एका नागरिकाने फिर्याद केली. पुरावा म्हणून त्याने तेथील वैद्याचा दाखला आणिला आणि धर्मग्रामाची मृत्यूंची नोंदवही पुढे केली. त्या वस्तीत दरसाल इतर ठिकाणांपेक्षा अधिक माणसे मरतात, असे त्या वहीवरून दिसत होते. प्रतिपक्षाने आपल्या बाजूचा वैद्य उभा केला, आणि अखेर निकाल व्यापाऱ्याच्या बाजूने लागला. निकाल काहीही असो, धर्मगुरूंनी अंत्यविधीनंतर केलेल्या साध्या नोंदी एकत्र वाचल्या असता गरिबांच्या वतीने साक्ष देऊ शकतात, हे त्यावरून दिसून येते.

आता ह्या चरित्राचा गाभा सांगतो. ग्रीक वैद्यराज हिप्पोक्रेटिस ह्यांच्या काळापासून, रोग्याला काय होते, केव्हापासून होते, तो काय खातो, हे प्रश्न वैद्याने विचारावे असे ठरलेले होते. रामाझिनींनी त्यांत आणखी एक प्रश्न घातला: तो काम कोणते करितो. हा प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु तो विचारल्यावाचून कुंभाराचा कंप व कारकुनाचा लुळा हात ह्यांची कारणे कळत नाहीत. वैद्य गरिबाच्या घरी गेला तर त्याने उभ्या उभ्या नाडी पाहून परत फिरू नये. सोनेरी खुर्ची नसली तरी साध्या तिपाईवर बसावे व सावकाश विचारपूस करावी, असा त्यांचा उपदेश होता. कष्टकऱ्याला दीर्घकाळ चालणारे उपचार परवडत नाहीत, हेही ते जाणून होते. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याच्या जिवाला घरच्यांच्या उपासमारीचा घोर लागतो, म्हणून तो अर्धवट बरा होऊनच कामावर जातो. एका कामकऱ्याचे शरीर खचले म्हणजे त्याच्या मागे एक सबंध घर खचते, ही गोष्ट ह्या संसारी वैद्याच्या लेखणीतून वारंवार प्रकट होते.

ते सर्वज्ञ होते असे मात्र कोणी समजू नये. रक्त काढणे, रेचक देणे, असे त्या काळचे उपचार तेही सांगत, आणि शरीरातील रसांविषयी त्यांच्या कित्येक कल्पना आज टिकणाऱ्या नाहीत. त्यांस विरोधकही होते. फ्लॉरेन्स येथील मोनिल्या नामक वैद्याशी एका बाळंतिणीच्या उपचारावरून त्यांचा वाद जुंपला, तो कित्येक वर्षे चालला. तथापि जे डोळ्यांनी पाहिले ते लिहून ठेवावे, ही सवय त्यांनी सोडली नाही. मोदेनाच्या विहिरींतून पाणी उसळून वर का येते हे पाहण्यासाठी ते स्वतः विहिरीच्या खोल खड्ड्यात उतरले होते. सिंकोनाच्या सालीचा हिवतापावरील गुण त्यांनी मान्य केला, आणि तिचा वाटेल तसा उपयोग होऊ लागलेला पाहून 1714 साली त्याविरुद्ध इशाराही दिला.

1700 साली, वयाच्या 67 व्या वर्षी, व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने त्यांस पादुआच्या प्रसिद्ध विद्यापीठात बोलाविले. तेथे सन्मान पुष्कळ मिळाला, पण शरीर थकले होते. हृदयाची धडधड व डोकेदुखी ह्यांनी ते बेजार असत. पुढे त्यांची दृष्टीही गेली. मैल्याच्या कुंडातील मजुराचे डोळे ज्यांनी हातात धरून तपासले, त्यांस अखेरच्या वर्षांत स्वतःचे डोळे राहिले नाहीत. त्यांनी निवृत्तीची विनंती केली असता सेनेटने ती मान्य केली नाही. जमेल तेव्हा शिकवावे असे सांगून पद कायम ठेविले. 5 नोव्हेंबर 1714 रोजी, विद्यापीठात शिकविण्यास निघण्याच्या बेतात असता, त्यांस अर्धांगवायूचा झटका आला व त्याच दिवशी पादुआ येथे त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांनी वयाची 80 वर्षे ओलांडली होती.

त्यांचा ग्रंथ इटलीबाहेर लवकरच पसरला. 1705 साली इंग्रजीत त्याचे भाषांतर झाले, आणि 1776 साली अॅडम स्मिथ ह्यांनी आपल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात त्याचा उल्लेख केला. गिरण्या व कारखाने वाढले तसतसे सरकारांना कायदे करावे लागले. आपल्या देशात पहिला फॅक्टरी कायदा 1881 साली झाला. पोप तेरावे लिओ ह्यांनी 1891 साली कामगारांच्या स्थितीविषयी परिपत्रक काढले, त्यात कष्टकऱ्याच्या शरीरास झेपेल त्याहून अधिक काम त्याजकडून घेऊ नये, असे शिकविले आहे. त्यापूर्वी सुमारे 200 वर्षे मोदेनाच्या ह्या वैद्याने कारखान्यांचे उंबरठे झिजवून जे पाहिले, तेही त्याच शिकवणीस पुष्टी देते.

परंतु ते कुंड अजून बुजलेले नाही. हातांनी मैला उपसण्यास माणसे लावण्याची मनाई करणारा कायदा आपल्या देशात 2013 साली झाला. तरीही मुंबईत व इतरत्र गटारात व मैल्याच्या टाकीत उतरलेली माणसे विषारी वायूने गुदमरून मेल्याच्या बातम्या त्यानंतरही आल्या आहेत. त्या प्रत्येकाच्या घरी कोणी तरी त्याची वाट पाहत होते. आपल्या सोसायटीची टाकी, आपल्या घराची गच्ची, आपल्या मंदिराचा मनोरा ह्यांच्या कामास माणूस लावताना, तो आत कसा उतरणार, त्याच्या कमरेला दोर आहे काय, यंत्राने हे काम होणार नाही काय, हे विचारणे आपणांपैकी प्रत्येकास शक्य आहे. मजुरी चुकती केली म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे रामाझिनींनी मानिले नाही. आमच्या धर्मग्रामातील गवंडी, सुतार, मच्छीमार, ड्रायव्हर, परिचारिका, कारकून, सर्वजण संध्याकाळी धडधाकट घरी परतोत, आणि त्यांच्या कष्टांचे फळ भोगणाऱ्या आपणां सर्वांस हा प्रश्न विचारण्याची बुद्धी परमेश्वर देवो.