रोज एक मॅरेथॉन, तीही एका पायावर : टेरी फॉक्सची गोष्ट

फुल मॅरेथॉन धावलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी जिना उतरताना बघितलंय कधी? कठडा धरून, आडवा होत, एकेक पायरी. धावपटूंमध्ये एक ढोबळ हिशेब चालतो, जितके मैल धावलात तितके दिवस पुन्हा शर्यतीच्या नादी लागायचं नाही. मॅरेथॉन २६ मैलांची, म्हणजे जवळपास महिनाभर सुट्टी. म्हणूनच फुलनंतर दोन आठवड्यांत हाफ मॅरेथॉन धावतो म्हटलं, तरी जाणकार थांबायला सांगतात.

आणि १९८० मध्ये कॅनडातला २१ वर्षांचा एक पोरगा जवळपास मॅरेथॉनइतकं अंतर रोज धावत होता. आज, उद्या, परवा. उजवा पाय मांडीतून कापलेला असताना.

त्याचं नाव टेरी फॉक्स. जन्म २८ जुलै १९५८, विनिपेगचा. वाढला ब्रिटिश कोलंबियातल्या पोर्ट कोक्विटलममध्ये. शाळेत त्याला बास्केटबॉलचं वेड, पण उंची कमी. प्रशिक्षकांनी त्याला लांब पल्ल्याच्या धावण्याकडे वळवायचा प्रयत्न केला. तो धावलाही, पण बास्केटबॉल सोडला नाही आणि पुढे सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या ज्युनियर संघात पोहोचला. हा हट्टी स्वभाव लक्षात ठेवा, कारण पुढचं बरं-वाईट सगळं त्यातूनच आलं.

१९७६ च्या डिसेंबरमध्ये त्याचा उजवा गुडघा दुखायला लागला. बास्केटबॉलचा सीझन संपेपर्यंत त्याने दुखणं अंगावर काढलं. मार्च १९७७ मध्ये निदान झालं, ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर. काही दिवसांतच पाय कापावा लागला. तेव्हा तो १८ वर्षांचा होता. ऑपरेशनच्या आदल्या रात्री त्याच्या जुन्या प्रशिक्षकांनी त्याला एक लेख आणून दिला. कृत्रिम पायावर न्यूयॉर्क मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्या डिक ट्रॉम यांच्याबद्दलचा.

पुढे १६ महिने केमोथेरपी. त्या वॉर्डात त्याने आपल्याहून लहान पोरं कॅन्सरने जाताना पाहिली. त्याला सांगितलं गेलं होतं की जगण्याची शक्यता ५० टक्के आहे, आणि दोनच वर्षांपूर्वी ती १५ टक्के होती. मधल्या काळात पुढे गेलं होतं ते संशोधन. मग त्यासाठी पैसा उभा करायचा, कॅनडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावून, असं त्याने ठरवलं.

घरच्यांना मात्र तो सांगत राहिला की व्हँकुव्हर मॅरेथॉनची तयारी चाललीये. १९७९ मध्ये तो प्रिन्स जॉर्ज इथली १७ मैलांची शर्यत धावला आणि सगळ्यात शेवटी आला. त्यानंतर खरा बेत सांगितला, तेव्हा आई चिडली. हृदयाची तपासणी झाली तर डावी बाजू वाढलेली निघाली. त्रास झाला तर थांबेन, या बोलीवर त्याला परवानगी मिळाली.

१२ एप्रिल १९८० ला न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सजवळ त्याने कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडवला आणि निघाला. मित्र डग ऑलवर्ड व्हॅन चालवायला. पहाटे अंधारात सुरुवात, मधे व्हॅनमध्ये विश्रांती, मग उरलेलं अंतर. म्हणजे दिवसभरात जवळजवळ दोन हाफ मॅरेथॉन. त्या काळचा कृत्रिम पाय चालण्यासाठी बनवलेला असायचा. तो पुढे येईपर्यंत वेळ काढायचा म्हणून टेरी डाव्या पायावर दोनदा उडी घ्यायचा. जुन्या फिल्ममध्ये दिसणारी ती लंगडी लय यातूनच आलेली. याचा सगळा भार एका चांगल्या पायावर. नडगी दुखायची, गुडघा सुजायचा, कापलेल्या पायाला गळवं यायची. तरी वाढदिवसालाही तो धावला. माँट्रियलला काही दिवस थांबला, तेही पाय दुखतात म्हणून नाही, तर १ जुलैला, कॅनडा डेच्या दिवशी ओटावात पोहोचलं तर जास्त निधी मिळेल म्हणून.

डॉक्टरकडे जायचं तो टाळत राहिला. टेरीच्या प्रेरणादायी पोस्टमध्ये ही बाजू सहसा नसते.

सुरुवातीला त्याला फारसं कुणी विचारलं नाही. पण पोर्ट ओ बास्क या साधारण १० हजार वस्तीच्या गावाने १० हजार डॉलर जमवून दिले, म्हणजे माणशी एक डॉलर. तिथून त्याला हिशेब सापडला. देशाची लोकसंख्या २.४ कोटी, तर २.४ कोटी डॉलर. टोरँटोला पोहोचला तेव्हा हजारो लोक त्याची वाट बघत उभे होते.

१ सप्टेंबरला थंडर बेच्या बाहेर त्याला खोकल्याची उबळ आली, छाती दुखायला लागली. रस्त्याच्या कडेला लोक टाळ्या वाजवत होते, म्हणून तो आणखी थोडं धावला. मग व्हॅनमध्ये बसला आणि डगला हॉस्पिटलकडे घ्यायला सांगितलं. कॅन्सर फुप्फुसांत पोहोचला होता. हा धावण्याचा परिणाम नव्हता. ऑस्टिओसार्कोमा पसरला की बहुतेकदा फुप्फुसांतच जातो.

१४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. न धावलेले दिवस धरूनही सरासरी रोज ३७ किलोमीटरच्या वर. तोवर १७ लाख डॉलर जमले होते. त्याच आठवड्यात टीव्हीवरच्या एका कार्यक्रमाने एक कोटीहून जास्त जमवले आणि फेब्रुवारी १९८१ मध्ये माणशी एक डॉलरचा आकडा पार झाला. हे बघायला तो होता. २८ जून १९८१ ला, २३ वा वाढदिवस महिन्यावर असताना, तो गेला.

त्याच सप्टेंबरमध्ये पहिली टेरी फॉक्स रन झाली. त्यात सुमारे तीन लाख लोक धावले, चालले, सायकलवर आले. ती आजही अनेक देशांत होते. त्यात स्पर्धा नसावी, कुणी विजेता नसावा, अशी अट टेरीनेच घातली होती.